ज्यानं हक्क दिला, त्यालाच मत?



मागे आपण ग्रामसभेवर बोललो. त्यानंतर एका गटाच्या बैठकीला गेले होते, तिथं एका ताईंनी मला विचारलं, "आमच्या सरपंचांनी खटपट करून गटाला बसायला खोली मिळवून दिली. पण या वेळी मला त्यांच्या विरोधातला माणूस बरा वाटतोय. त्याला मत दिलं तर ती बेइमानी होईल का?" बाकीच्या हसल्या. त्या ताई मात्र हसल्या नाहीत, उत्तराची वाट बघत बसल्या. मला काही तिथल्या तिथं सुचलं नाही. घरी येताना एसटीत एक जुनी निवडणूक आठवली. तीच आज सांगते. आहे फार लांबची, अमेरिकेतली, आणि सव्वाशे वर्षांहून जुनी. पण तिथल्या बायकांपुढं नेमका हाच प्रश्न उभा राहिला होता.

अमेरिकेत कोलोरॅडो नावाचं एक राज्य आहे. आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडं लहान. अर्धा भाग उंच डोंगरांचा, अर्धा माळरानाचा. डेन्व्हर ही राजधानी. १८७६ साली ते राज्य झालं, आणि १८९० च्या शिरगणतीत तिथं माणसं होती चार लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या दोन-तीन तालुक्यांएवढी. डोंगरांत चांदीच्या खाणी, त्यामुळं खाणीत राबायला आलेले पुरुष जास्त, बायका कमी. दहा माणसांत सहा पुरुष असा हिशोब होता.

तिकडच्या राज्याच्या प्रमुखाला गव्हर्नर म्हणतात. आपण त्याला राज्यपाल म्हणतो खरं, पण आपले राज्यपाल दिल्लीहून नेमलेले असतात. तिकडचा गव्हर्नर लोक थेट मतांनी निवडतात आणि राज्याचा कारभार तोच चालवतो. आपल्या मुख्यमंत्र्यांसारखा म्हणा. त्या काळी कोलोरॅडोत त्याची मुदत अवघी दोन वर्षं होती.

१८९२ च्या निवडणुकीत डेव्हिस वेट नावाचे एक गृहस्थ गव्हर्नर झाले. वय सदुसष्ट, लांब पांढरी दाढी, मूळचे वकील, पुढं अ‍ॅस्पेन या खाणीच्या गावात वर्तमानपत्र चालवायचे. तिथले दोन मोठे पक्ष तुम्ही ऐकले असतील, रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट. वेट या दोन्हींतले नव्हते. शेतकरी आणि कामकरी यांनी मिळून नुकताच एक तिसरा पक्ष काढला होता, पॉप्युलिस्ट म्हणजे लोकपक्ष, त्याचे ते उमेदवार. त्यांना ४४ हजारांवर मतं पडली आणि रिपब्लिकन उमेदवाराला ३९ हजारांच्या आत. ही सगळी मतं पुरुषांची बरं का. बायकांना तेव्हा फक्त शाळा मंडळाच्या निवडणुकीत मत देता यायचं. पोरांच्या शाळेचं बायकांना कळतं, राज्याचं कळत नाही, असा तो न्याय.

या लोकपक्षाचं म्हणणं काय होतं ते जरा समजून घेऊ, कारण ते आपल्यासारख्या कर्जदारांना लगेच कळेल. धरून चला, एका शेतकऱ्यानं कर्ज काढलं तेव्हा दोन पोती गहू विकला की हप्ता फिटत होता. चार वर्षांनी गव्हाचा भाव उतरला. हप्ता तेवढाच, पण आता त्याला तीन पोती विकावी लागतात. सावकारानं व्याज वाढवलेलं नाही, तरी कर्ज जड झालं. असं का होतं? लोकपक्ष म्हणायचा, बाजारात पैसाच कमी आहे. सरकार सोन्यापुरताच पैसा चालवतं आणि सोनं मूठभरांच्या हातात आहे. चांदीचीही नाणी मोकळेपणानं पाडा, पैसा वाढेल, मालाला भाव येईल, कर्ज हलकं होईल. शिवाय कोलोरॅडोत चांदीच निघते, म्हणजे खाण कामगाराच्याही पोटाचा प्रश्न सुटतो. यात अर्थशास्त्र किती बरोबर आणि किती चूक यावर विद्वान अजून भांडतात. पण शेतकऱ्याला आणि खाण कामगाराला एका झेंड्याखाली आणणारी मागणी हीच होती.

आता गोष्टीत आपली मुंबई येते. तुम्हाला नवल वाटेल. तोवर आपल्या देशात कुणीही चांदी घेऊन सरकारी टांकसाळीत जायचं, ठरलेला खर्च भरायचा आणि त्या चांदीचे रुपये पाडून आणायचे, अशी सोय होती. मुंबईच्या आणि कलकत्त्याच्या टांकसाळी त्यासाठी उघड्या होत्या. जगातली केवढी तरी चांदी अशी हिंदुस्थानात येऊन रुपया व्हायची. २६ जून १८९३ रोजी इंग्रज सरकारनं कायदा करून ती सोय बंद केली. बातमी तारेनं अमेरिकेत पोचली आणि चार दिवसांत चांदीचा भाव औंसाला ८३ सेंटांवरून ६२ सेंटांवर आला. कोलोरॅडोच्या खाणमालकांनी खाणी बंद केल्या. जुलै महिन्यात डेन्व्हरमध्ये तीन दिवसांत बारा बँकांनी दारं लावली. खाणींतून उठलेले हजारो कामगार डेन्व्हरला आले, नदीकाठच्या मैदानात त्यांच्यासाठी तंबू ठोकावे लागले. मुंबईत एक दार बंद झालं आणि सात समुद्रापलीकडं चुली विझल्या.

नेमक्या याच उन्हाळ्यात कोलोरॅडोच्या बायका मतासाठी घरोघर फिरत होत्या.

त्यांची मागणी जुनी होती. १८७७ साली पुरुषांचा कौल घेतला होता तेव्हा एका 'हो'ला दोन 'नाही' पडले होते. सोळा वर्षं गेली. वेट निवडून आले त्याच वेळी विधिमंडळातही लोकपक्षाची बरीच माणसं आली आणि त्यांच्या बळावर १८९३ मध्ये पुन्हा कौल घ्यायचा कायदा झाला. वेट यांनी त्यावर सही केली. म्हणजे बायकांना मताचा हक्क काही वेट यांनी खिशातून काढून दिला नाही. दार किलकिलं केलं ते त्यांच्या पक्षानं. आत ढकलून उघडायचं काम बायकांचं होतं.

बायकांच्या संघटनेच्या खजिन्यात सुरुवातीला किती पैसे होते? २५ डॉलर. खजिनदार होत्या एलिझाबेथ पायपर एन्स्ली, शिक्षिका म्हणून काम केलेल्या एक काळ्या वर्णाच्या बाई. अमेरिकेत गुलामी संपून तीस वर्षंही झाली नव्हती, तेव्हा गोऱ्या-काळ्या बायकांच्या एकत्र संघटनेची थैली एन्स्लीबाईंच्या हाती होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या गटात खजिनदार निवडताना काय काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच.

कचेरीला जागा मिळाली ती डेन्व्हरच्या एका मोठ्या नाटकगृहात. चांदीवर कोट्यधीश झालेल्या टॅबर कुटुंबाचं ते नाटकगृह. त्यांच्या पत्नीनं जागा फुकट दिली. त्याच वर्षी चांदी कोसळली आणि टॅबर धुळीला मिळाले, पण खोली दिली ती दिलीच. एलिस मेरिडिथ ही तरुण बातमीदार शिकागोला जाऊन देशपातळीवरच्या पुढारी बायकांना भेटली आणि मदत मागितली. तिकडून आल्या कॅरी चॅपमन कॅट. त्या गावोगाव फिरल्या, सभा घेतल्या. मिनी रेनॉल्ड्स ही आणखी एक बातमीदार, तिनं राज्यातल्या बहुतेक वर्तमानपत्रांना आपल्या बाजूला वळवलं. आणि कॅरोलाइन चर्चिल या बाई तर कितीतरी वर्षं स्वतःचं साप्ताहिक चालवत होत्या. त्याचं नाव होतं 'क्वीन बी', म्हणजे राणी माशी. नावाप्रमाणं डंख मारायचं.

विरोध होता दारूवाल्यांचा. बाई मत द्यायला लागली की गुत्ते बंद करणार, हे त्यांना पक्कं ठाऊक. पण ते गाफील राहिले. बायकांचं काय मनावर घ्यायचं, असं म्हणत बसले आणि अगदी शेवटी पत्रकं वाटायला निघाले. तोवर उशीर झाला होता.

७ नोव्हेंबर १८९३ रोजी कौल झाला. बाजूनं ३५,७९८, विरोधात २९,४५१. सहा हजारांवर मतांनी बायका जिंकल्या. वायोमिंग या शेजारच्या राज्यात बायकांना मत आधीच होतं, पण ते तिथल्या विधिमंडळानं दिलेलं. जनतेचा कौल घेऊन, म्हणजे साध्या पुरुष मतदारांनी 'हो' म्हणून बायकांना मत दिलं ते पहिल्यांदा कोलोरॅडोत. आणि लोकपक्षाचा जोर जिथं होता, त्या खाणींच्या आणि शेतकऱ्यांच्या भागांत 'हो' जास्त पडले.

आता खरी पंचाईत. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८९४ मध्ये गव्हर्नरची निवडणूक. वेट पुन्हा उभे. बायकांचं पहिलंच मत. ज्यांच्या सहीनं हक्काचा रस्ता मोकळा झाला, त्यांना मत द्यायचं की नाही?

मधल्या वर्षभरात वेट यांनी काय केलं होतं ते बघा. चांगलंही केलं, वेड्यासारखंही केलं. क्रिपल क्रीक नावाच्या भागात सोन्याच्या खाणी होत्या. तिथल्या मालकांनी आठ तासांचे दहा तास केले, मजुरी तीच तीन डॉलर. आठच तास करायचे असतील तर अडीच डॉलर घ्या म्हणाले. कामगार संपावर गेले. मालकांच्या बाजूनं तिथल्या शेरीफनं, म्हणजे पोलीस अधिकाऱ्यानं, हजारावर हत्यारी माणसं भरती केली. आजवर सरकारं अशा वेळी मालकांच्या बाजूनं सैनिक पाठवायची. वेट यांनी राज्याचे सैनिक पाठवले ते दोघांच्या मध्ये उभे राहायला. कामगारांच्या वतीनं स्वतः मालकांशी बोलणी केली. आठ तास आणि तीन डॉलर कायम राहिले. मजुरीवर जाणाऱ्या बाईला मी काय सांगायला हवं, की आठ आणि दहा तासांत काय फरक असतो.

आणि दुसरीकडं? डेन्व्हरच्या पोलीस मंडळावरचे दोन सभासद जुगारअड्ड्यांना पाठीशी घालतात म्हणून वेट यांनी त्यांना काढलं. ते दोघं खुर्ची सोडेनात. नगरपालिकेच्या इमारतीत पोलीस घेऊन बसून राहिले. मार्च १८९४ मध्ये वेट यांनी भर शहरात, त्या इमारतीसमोर, तोफा आणून उभ्या केल्या! रस्त्यावर बघ्यांची गर्दी, आत बंदुका, बाहेर तोफा. एक गोळी सुटली असती तर किती मेले असते कोण जाणे. नशिबानं प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानं म्हटलं, माणसं बदलायचा अधिकार गव्हर्नरला आहे, पण त्यासाठी सैन्य वापरायचा नाही.

बोलण्यालाही लगाम नव्हता. चांदीच्या संकटात एका सभेत म्हणाले, आपलं स्वातंत्र्य जाण्यापेक्षा घोड्यांच्या लगामापर्यंत रक्ताचा पूर आलेला बरा. झालं, 'रक्ताचे लगाम' हे टोपणनाव जन्माला चिकटलं. राज्याची चांदी मेक्सिकोत नेऊन तिकडं डॉलर पाडून आणावेत अशीही त्यांची एक कल्पना. लोकांनी त्याला तमाशातल्या नाचासारखं नाव ठेवून थट्टा केली. मला विचाराल तर माणूस मनानं गरिबाच्या बाजूचा होता, पण घर सांभाळायला दिलं तर भांडी फोडून ठेवील अशातला.

रिपब्लिकनांनी हे ओळखलं. त्यांनी अल्बर्ट मॅकिंटायर या शांत स्वभावाच्या वकिलाला उभं केलं आणि राज्याचा उद्धार करा, अशी हाक दिली. बायकांना खास बोलावणं. तिन्ही पक्षांनी बायकांची मंडळं काढली. ज्यांनी आदल्या वर्षी खांद्याला खांदा लावून मत मागितलं होतं, त्या मैत्रिणी आता वेगवेगळ्या मंचांवर. काहींना त्याचं वाईट वाटलं. आमच्या गटातही असं होतं. बचतीला एकत्र बसतो, निवडणूक आली की पाठ फिरवून. पण मला वाटतं बायका काही एका साच्याच्या गणपती नाहीत, की सगळ्यांची सोंड एकाच बाजूला वळावी.

एन्स्लीबाई आणि त्यांच्या सोबतच्या काळ्या वर्णाच्या बायकांनी आपल्या वस्त्यांमध्ये मतदानाची तयारी करून घेतली. मत कसं द्यायचं हेही शिकायला हवं होतं, कारण गुप्त मतदान आणि सरकारी छापील मतपत्रिका ही पद्धत तिथं नुकतीच आली होती. डेन्व्हरच्या एका मोठ्या पुस्तकाच्या दुकानानं म्हणे सांगितलं, की बायकांना मत मिळाल्यावर आठ महिन्यांत राज्यकारभाराची जेवढी पुस्तकं खपली तेवढी आधीच्या वीस वर्षांत खपली नव्हती. दुकानदाराची गोष्ट आहे, थोडी फुगवलेली असेल. पण बायका वाचत होत्या हे नक्की.

६ नोव्हेंबर १८९४. निकाल लागला. मॅकिंटायर यांना ९३ हजारांवर मतं, वेट यांना ७४ हजारांच्या घरात. वेट पडले.

आणि त्यांनी खापर फोडलं ते बायकांवर. आम्ही हक्क दिला आणि त्यांनी आम्हालाच पाडलं! बऱ्याच वर्तमानपत्रांनीही तेच उचललं. रिपब्लिकन खूश होऊन म्हणाले, बायकांनी राज्य वाचवलं. लोकपक्षवाले चिडून म्हणाले, बायकांनी घात केला. दोघांचं एका गोष्टीवर एकमत, की केलं ते बायकांनी.

आपण आकडे मांडून बघू. वहीत लिहून घेतलंत तरी चालेल. १८९२ साली सगळ्या उमेदवारांना मिळून सुमारे ९३ हजार मतं पडली होती. १८९४ साली १ लाख ८० हजार. जवळजवळ दुप्पट. वेट १८९२ मध्ये ४४ हजारांवर जिंकले होते, आणि १८९४ मध्ये ७४ हजारांवर हरले! म्हणजे त्यांची मतं तीस हजारांनी वाढली. मग ही तीस हजार मतं आणली कुणी? सगळी काही पुरुषांची नसणार. खाणीतल्या, शेतावरच्या, आठ तासांसाठी नवऱ्याबरोबर उपाशी राहिलेल्या बायकांनीही वेट यांना मत दिलंच असणार. आणि शहरातल्या, तोफा बघून धसकलेल्या बायकांनी मॅकिंटायरना. मतपत्रिका एकाच पेटीत पडत होत्या, बाईचं मत आणि पुरुषाचं मत वेगळं मोजलं नव्हतं. शिवाय राज्यात पुरुष मतदारच जास्त. एका वर्षात खाणी बंद, बँका बंद, हाताला काम नाही. असल्या वेळी जगात कुठंही सत्तेवरचा माणूस पडतो. पण पुरुषांनी पाडलं तर म्हणतात हवा फिरली, आणि बायकांनी मत दिलं की म्हणतात उपकार विसरल्या.

त्याच निवडणुकीत आणखी एक झालं, ते मात्र कमी सांगितलं जातं. कोलोरॅडोच्या विधानसभेत तीन बायका निवडून आल्या. क्लॅरा क्रेसिंगहॅम, फ्रान्सेस क्लॉक आणि कॅरी होली. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याच्या विधिमंडळात बसलेल्या या पहिल्या स्त्रिया. शिवाय राज्याच्या शिक्षण अधीक्षक म्हणूनही एक बाई निवडून आली. तिघी आमदार रिपब्लिकन, म्हणजे वेट यांच्या विरोधी पक्षाच्या. ज्या दारावर लोकपक्षानं थाप मारली, त्या दारातून आत गेल्या दुसऱ्याच.

१८९५ मध्ये होलीबाईंनी विधेयक आणलं, मुलींचं संमतिवय वाढवण्याचं. ते अठरा झालं. लक्षात घ्या, आपल्याकडं चारच वर्षांपूर्वी, १८९१ साली, दहाचं बारा करताना पुण्या-मुंबईत केवढं रान उठलं होतं. त्याच वर्षी कोलोरॅडोत आणखी एक कायदा झाला. तोवर मुलांचा पालक म्हणजे बाप. आता आईही बापाच्या बरोबरीची पालक झाली. निराधार मुलांसाठी राज्यानं घर काढलं आणि त्याच्या पाच जणांच्या मंडळावर तीन बायका हव्यात असं कायद्यातच लिहिलं.

आपल्या पंडिता रमाबाई या सगळ्याच्या पाच-सहा वर्षं आधी अमेरिकेत फिरून आल्या होत्या. त्यांनी १८८९ साली मराठीत त्या प्रवासाचं पुस्तक लिहिलं, त्यात तिकडच्या बायकांच्या संस्थांविषयी भरभरून लिहिलंय. गावच्या वाचनालयात मिळालं तर बघा. मुंबई इलाख्यात बायकांना मत मिळायला १९२१ उजाडलं, तेही मालमत्ता असलेल्यांनाच. अमेरिकेत सगळीकडं मिळालं १९२० मध्ये.

वेट पुढं अ‍ॅस्पेनला परत गेले. १९०१ मध्ये तिथंच वारले. मॅकिंटायरही दोनच वर्षं टिकले, १८९६ च्या निवडणुकीनंतर गव्हर्नर बदलला. त्या वेळी बायकांनी पाडलं असं कुणी म्हटलं नाही. एन्स्लीबाई डेन्व्हरमध्येच राहिल्या आणि १९०४ साली त्यांनी राज्यातल्या काळ्या वर्णाच्या बायकांच्या मंडळांचा संघ उभा केला. पहिली थैली २५ डॉलरची होती, हे सांगितलंच.